कुवेतची बाटली आणि पडलेली पपई

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि मुरुडला आमच्या वाडीतले माड, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. त्यात न्हाणीघरामागची पपईही गेली. पंचनाम्यात पपईला कोण विचारतो? पण दादी तिच्यासाठी हळहळली. गोश्त कितीही जून असो, कच्च्या पपईचा चमचाभर कीस चोळला की नरम पडतं. दात गेल्यापासून दादीचं गोश्त खाणं त्या झाडाच्या भरवशावर चाललं होतं.

१ ऑगस्टला बकरी ईद आली. नमाज घरातच झाली. नेहमीची विमानं बंद, त्यामुळे भाऊ कुवेतलाच अडकलेला. त्याने आदल्या सुट्टीत आणलेली बार्बेक्यू मॅरिनेडची बाटली कपाटात तशीच होती. अम्मीने आधी विचारलं, "ह्यात दारूबिरू नाही ना?" प्रश्न रास्त होता, काही परदेशी बाटल्यांत वाइन असते. मी लेबल वाचून दाखवलं: सिरका, साखर, मीठ, लसूण, मसाले. वर हाडापासून सुटणाऱ्या बरगड्यांचं चित्र. मी दादीला शब्द दिला, "पपई नाही तर नाही, यंदा या बाटलीने करतो."

फ्रिज वादळात भिजून निकामी झाला होता. पण मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपल्याने बर्फ पुन्हा मिळू लागला होता. शेजारच्या कोळीकाकांनी न मागता पाटीभर आणून दिला. गोश्ताचे तीन वाटे झाले. घरच्या वाट्यातल्या बरगड्या मी मॅरिनेडमध्ये बुडवल्या आणि डबा रात्रभर बर्फात ठेवला.

दुसऱ्या दिवशी करवंट्यांचे निखारे केले. तेवढं जळण वादळाने भरपूर दिलं होतं. वास फर्मास सुटला. दहा मिनिटांत बरगड्या वरून कोळसा, आतून रबर. दादीने एक तुकडा बराच वेळ तोंडात घोळवला, हळूच बाजूला काढला आणि म्हणाली, "चव चांगली हाय, बाबा." तिने नाव ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

चूक बाटलीची नव्हती, माझी होती. सिरका गोश्तात खोलवर जात नाही, वरच्या थरापुरतं काम करतो. साखर तेज निखाऱ्यावर लगेच करपते. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, ते या बाटलीत नव्हतंच. शिवाय बरगड्यांना धरून असलेले चिवट पडदे कोलॅजनचे असतात. त्यांना ओलावा, मंद आच आणि वेळ लागतो. मग ते विरघळून मऊ जिलेटिन होतं. पाये रात्रभर शिजत ठेवणाऱ्या आपल्या बायकांना ही नावं माहीत नसतील, काम माहीत आहे.

अम्मीने न बोलता डब्यातल्या उरलेल्या बरगड्या निथळून टोपात घातल्या. आलं-लसूण, वाटीभर पाणी, घट्ट झाकण, खाली मंद आच आणि झाकणावर चार निखारे. दीड तासाने काटा सहज आत गेला. मग म्हणाली, "आता लाव तुझी बाटली." रात्रीचं, कच्च्या गोश्तातलं मॅरिनेड टाकून दिलं. बाटलीतलं ताजं घेऊन वरून हलकं चोपडलं आणि राख धरलेल्या निखाऱ्यांवर, उलटपालट करत, जेमतेम पाच मिनिटं धरलं. तांबूस चकाकी आली.

दादीने हाड हातात धरलं आणि गोश्त आपसूक सुटलं. व्हिडिओ कॉलवर भाऊ पाहत होता. तो एवढंच म्हणाला, "संपवू नका सगळी बाटली." मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

कोळीकाकांचा श्रावण, म्हणून त्यांच्याकडे शेवयांची खीर गेली. लगेच ३ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. वाडीत उभ्या राहिलेल्या मोजक्या माडांपैकी एकाचा नारळ अब्बांनी त्यांना नेऊन दिला. तोही दर्याला गेला.

त्याच संध्याकाळी दादीने न्हाणीघरामागची माती उकरायला लावून पपईच्या बिया टाकल्या. फळ धरायला आठ-दहा महिने तरी लागतात.

"तोवर बाटली पुरवून वापर," ती मला म्हणाली.