दादरच्या पुढे बोईसर

गोंदियाहून आमगावमार्गे देवरीला जाणारी एसटी धानाच्या बांध्यांमधून जाते. गेल्या कार्तिकात गेलो तेव्हा कापणी सुरू होती. बाया वाकून धान कापत होत्या, धुऱ्यावर लेकरे बसलेली होती. आमगाव मागे पडले की झाडे दाट होतात, मोह आणि पळस दिसू लागतात, आणि देवरीला पोचलो की एकदम मोठा रस्ता लागतो. हाच मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 6, आताचा 53. पुढे थोड्या अंतरावर छत्तीसगडची हद्द. रात्रंदिवस ट्रक चालतात. देवरी 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात होती. 1954 साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले, तो हाच भंडारा. आमच्याकडची जुनी माणसे अजून त्या पराभवाचा विषय निघाला की गप्प होतात.

मी गेलो होतो तो विहारातल्या रविवारच्या बैठकीसाठी. सोबत पिशवीत जाहिरातीच्या झेरॉक्स प्रती होत्या. विषय जरा वेगळा होता : अणुवीज केंद्रात तंत्रज्ञ कसे व्हायचे. देवरीत शासकीय आयटीआय आहे. आपली पोरे आणि आदिवासी पोरे तिथे शिकतात. पुढे काय? कोणी नागपूरच्या बुटीबोरीत कंत्राटी कामाला जातो, कोणी रायपूरकडे, कोणी घरी बसून धानाच्या हंगामाची वाट पाहतो. आयटीआयच्या कागदावर अणुशक्ती खात्यात सरळ शिरता येते, हे बैठकीतल्या तीस-पस्तीस पोरांपैकी दोघांनाच ठाऊक होते.

ती वाट अशी. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन ही दोन्ही ठिकाणे विद्यावेतन देऊन प्रशिक्षणार्थी घेतात. भाभा केंद्राची 2023 ची जाहिरात मी सोबत नेली होती. तीत प्रशिक्षणार्थींच्या 4162 जागा होत्या. डिप्लोमा आणि बी.एस्सी. वाल्यांचा पहिला वर्ग, आणि आयटीआय किंवा बारावी सायन्सवाल्यांचा दुसरा वर्ग. दुसऱ्या वर्गाला दहावीला विज्ञान-गणितासह 60 टक्के आणि ट्रेडचे प्रमाणपत्र हवे, किंवा प्लँट ऑपरेटरसाठी बारावीला 60 टक्के. वय 18 ते 22, अनुसूचित जातीला पाच वर्षे जास्त. फी माफ. प्रशिक्षण दोन वर्षांचे. विद्यावेतन पहिल्या वर्षी महिना 20,000 रुपये, दुसऱ्या वर्षी 22,000. नीट पार पडले तर तंत्रज्ञ म्हणून नेमणूक. पहिली चाळणी परीक्षा गणित, विज्ञान आणि सामान्यज्ञानाची, पन्नास प्रश्न, एक तास. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीच्याला एक कमी. म्हणून पोरांना बजावले : ठोकताळा मारू नका, येत नाही तो प्रश्न सोडा.

आता गंमत पाहा. अर्जाची मुदत होती 24 एप्रिल ते 22 मे. देवरीच्या माणसाला हे दिवस सांगा, तो लगेच म्हणेल, तेंदूपत्त्याचे दिवस! पहाटे सगळे घर जंगलात आणि दुपारी पुडे बांधायला दारात. नेटकॅफेत जाऊन फोटो-सही चढवायला कोण रिकामे असते? जाहिरात काढणाऱ्याला तेंदूपत्ता ठाऊक असायचे कारण नाही. ते ध्यानात ठेवायचे काम आपल्या मंडळांचे. जयंतीच्या मिरवणुकीचा हिशोब आपण चोख ठेवतो, तसाच एक माणूस याच्या मागे ठेवायला काय हरकत आहे?

एका पोराने विचारले, तिथे नेमके काय चालते? मी शास्त्रज्ञ नाही, पण गोंदियाचा आहे, राइस मिल पाहिलेली आहे. म्हटले, मिलच्या बॉयलरमध्ये कोंडा जळतो, पाणी उकळते, वाफ होते. इथे कोंड्याच्या जागी युरेनियम. त्याचे अणू फुटतात, त्याची उष्णता. वाफेवर टर्बाइन फिरते, वीज होते. तारापूरचे पहिले दोन संच 1969 साली सुरू झाले, तिथे पाणी अणुभट्टीतच उकळते. 2005 आणि 2006 मध्ये सुरू झालेले 540 मेगावॉटचे दोन संच जड पाण्यावर चालतात. ऑपरेटर पाळीत काम करतो, दाब आणि तापमान बघतो, झडपा बघतो, नोंद ठेवतो. फिटर पंप आणि व्हॉल्व्ह उघडतो, बसवतो. काम तेच, जे आयटीआयत शिकलात. फरक शिस्तीचा. एक नट कसा कसला याचीही लेखी नोंद असते.

तेवढ्यात मागे बसलेली एक उपासिका बोलली, "भाऊ, तिथं पोट्टा गेला तं हाडं झिजतीन म्हणतेत लोक. खरं का जी?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी सांगितले, किरणोत्सार दिसत नाही, वास येत नाही, म्हणून छातीला टीएलडी नावाचा बिल्ला लावतात. अंगाने किती किरणे घेतली ते त्यावरून मोजतात. कायद्याची मर्यादा पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आड भिंत, ही तिथली पहिली शिकवण. धोका नाही असे मी म्हटले नाही. मोजलेला धोका आहे, म्हटले. शिकलेल्या माणसाला आपला आकडा विचारता येतो. न शिकता कंत्राटी मजूर म्हणून गेलेल्याला विचारायचे सुचतही नाही.

तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. बॉम्ब पण तिथंच बनते ना? आणि आपण तं पंचशील घेतो. विहार शांत झाला. 1974 साली पोखरणला स्फोट केला आणि त्याला बुद्धाच्या हसण्याचे नाव चिकटवले, ते मला आजपर्यंत पटलेले नाही. शस्त्रांचा व्यापार सम्यक आजीविकेत बसत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. म्हणून सरळ सांगितले : वीज कॉर्पोरेशनचे काम वीज तयार करण्याचे. भाभा केंद्रात कॅन्सरच्या उपचारासाठी लागणारी द्रव्ये, भुईमुगाचे टॅग-24 सारखे वाण ही कामे होतात, आणि शस्त्राचेही काम झालेले आहे. कुठे अर्ज करायचा ते ज्याने त्याने ठरवावे. तारापूरच्या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, हेही सांगितले. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, वीज त्यांच्याच खात्याकडे होती, आणि तांत्रिक प्रशिक्षणाची योजनाही त्याच खात्याने चालवली. स्वस्त आणि मुबलक वीज गरिबाच्या कामाची, हा त्यांचा आग्रह होता.

शेवटी दाखल्याकडे आलो, आणि इथे मी जरा जास्तच वेळ घेतला. कारकुनाला कागदाचे महत्त्व कळते, पण मला ते उशिरा कळले. माझ्या पुतण्याच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले होते. राज्यात तो चालला. एका केंद्रीय भरतीत कागद तपासताना म्हणाले, मूळ जात कुठे आहे? नमुना आमचा नाही. त्याला खुल्या गटात टाकले आणि थोड्या गुणांनी तो राहिला. अर्ज मीच भरून दिला होता. दाखला वाचून पाहिला नव्हता. महाराष्ट्रात सवलती आधीपासून होत्या, पण केंद्रात बौद्धांना त्या मिळाल्या 1990 च्या दुरुस्तीनंतर. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे! इतक्या उशिरा मिळालेली गोष्ट एका ओळीपायी हातची जाऊ नये. म्हणून केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जात आणि बौद्ध धर्म दोन्ही नमूद असलेला दाखला आजच तहसीलमधून काढायला टाका, जाहिरात येण्याची वाट पाहू नका.

"तारापूर दूर आहे ना जी?" एक मुलगी म्हणाली. बारावी सायन्सची, गणितात हुशार. मी विचारले, सहा डिसेंबरला गेली आहेस का? दोनदा, म्हणाली. मग अर्धी वाट तुला पाठ आहे. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस, उतरायचे दादरला. चैत्यभूमीसाठी पूल ओलांडून पश्चिमेला बाहेर पडतेस, त्याऐवजी त्याच पुलावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर उतरायचे आणि डहाणू लोकल धरायची. स्टेशन बोईसर.

जाहिरातीत उंची किमान 160 सेंटिमीटर आणि वजन साडेपंचेचाळीस किलो लिहिले होते. विहाराच्या शिंपीकाम वर्गातून टेप आणला, दाराच्या चौकटीवर खडूने रेघ मारली. पोरे रांगेने उभी राहिली. ती मुलगी रेघेच्या वर गेली. एक सोळा वर्षांचा पोरगा दोन बोटे कमी पडला, त्याची आई म्हणाली, "अजून वाढन तो." पाचच्या एसटीची वेळ झाली होती. मी निघालो तेव्हा तो पुन्हा एकदा चौकटीला टेकून उभा होता, टाचा जमिनीला चिकटवून.