जालहळ्ळीचीं घड्याळें

गेल्या मार्गशीर्षांत कन्येच्या घरीं बंगळूरास जाण्याचा योग आला. निघतांना सौभाग्यवतीनें लाडवांचा डबा बांधून दिला. मीं मात्र कोणास न सांगतां दुसरी एक वस्तु रुमालांत गुंडाळून घेतली. ती म्हणजे माझें बंद पडलेलें 'एच्. एम्. टी. जनता' घड्याळ. १९८३ सालीं मी शिक्षक म्हणून रुजू झालों, त्या दिवशीं थोरल्या बंधूंनीं तें स्वतः माझ्या मनगटावर बांधलें होतें. आज बंधु हयात नाहींत. घड्याळाची तबकडी पिवळी पडली आहे आणि सहाच्या आंकड्यापाशीं तिच्यावर एक तांबूस डाग आहे. "तबकडी नवी करून घ्या, घड्याळ नव्यासारखें दिसेल," असा जांवईबापूंचा आग्रह होता.

मला तो मानवेना, यास कारण आहे. वडिलांचें घड्याळ मीं पूर्वीं असेंच एका दुकानीं दुरुस्तीस दिलें होतें. परत आलें तें लखलखीत निळ्या तबकडीचें! वेळ बिनचूक होती. पण आईनें तें हातांत घेतलें, क्षणभर पाहिलें आणि "हें त्यांचें नव्हे" एवढेंच म्हणून खालीं ठेवलें. जुनीं अक्षरें खरवडून तबकडीवर नवा रंग चढविला होता; तें पूर्ववत् होणें आतां शक्य नव्हतें.

जालहळ्ळी बंगळूरच्या उत्तर अंगास आहे. यंत्रें निर्माण करण्यासाठीं भारत सरकारनें १९५३ सालीं स्थापिलेल्या एच्. एम्. टी. कंपनीची तेथें दाट झाडींत वसलेली मोठी वसाहत आहे. १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगळुरांत मनगटी घड्याळांचा कारखाना निघाला, आणि १९६३ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें पहिलीं घड्याळें बाहेर पडलीं. पुढें तुमकूर, श्रीनगर व रानीबाग येथेंहि कारखाने झाले. १९८४ सालीं टायटन कंपनी स्थापन झाली. तिच्या क्वार्ट्झ घड्याळांपुढें किल्लीच्या घड्याळांस उतरती कळा लागली. अखेर २०१६ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें एच्. एम्. टी.चा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. आतां जालहळ्ळीस कंपनीचें संग्रहालय आहे.

तेथील घड्याळांच्या दालनांत माझा पाय निघेना. जनता, पायलट, जवाहर, सोना, कोहिनूर, कांचन! हीं नुसतीं नांवें वाचतांना कोणाची मुंज, कोणाचें लग्न, कोणाचा मॅट्रिकचा निकाल डोळ्यांपुढें येत होता. अंधांना बोटांनीं चांचपून वेळ कळावी म्हणून केलेलीं घड्याळें या कारखान्यानें काढलीं. देवनागरी आंकड्यांचीं तबकडीहि काढली. परदेशी घड्याळ ज्यास परवडत नसे, त्या कारकुनाच्या व मास्तराच्या मनगटावर वेळ आली ती येथून.

या यंत्राची रचना ऐकण्याजोगी आहे. किल्ली दिली कीं आंतील कमान आवळली जाते. ती उलगडूं लागली म्हणजे चक्रांची माळ फिरते. आणि केसासारख्या बारीक दुसऱ्या कमानीवर मागेंपुढें झुलणारें तोलचक्र त्या माळेस एका वेळीं एकच दांता सुटूं देतें. हीच टिकटिक. घर्षणानें आंस झिजूं नयेत म्हणून 'जनते'च्या यंत्रांत कृत्रिम माणकें धरून सतरा रत्नें बसविलेलीं असतात. त्याचे ठोके सेकंदास पांच. पूर्वीं लग्नघरीं मुहूर्तासाठीं पाण्यावर तांब्याचें सच्छिद्र घटिकापात्र सोडीत. तें भरून बुडालें कीं घटका, म्हणजे २४ मिनिटें झालीं. त्या एका घटकेंत या घड्याळाचे ७,२०० ठोके पडतात आणि अहोरात्रांत ४,३२,०००. आपल्या पुराणांनीं कलियुगाचीं वर्षें सांगितलीं आहेत तीं नेमकीं इतकींच! हा केवळ योगायोग; पण संस्कृताच्या विद्यार्थ्यास तो गंमतीचा वाटल्यावांचून राहत नाहीं. क्वार्ट्झच्या स्फटिकाचीं कंपनें सेकंदास ३२,७६८ असतात. अचूकपणांत तो सरस खरा. पण आपण विसरलों तरी तो चालतच राहतो. किल्लीचें घड्याळ रोज आपल्या हाताची वाट पाहतें.

दुसऱ्या दिवशीं शहरांतील एका वृद्ध घड्याळजींकडे गेलों. त्यांनीं मागील झांकण उघडलें, भिंगांतून पाहिलें आणि सांगितलें कीं यंत्र शाबूत आहे, केवळ तेल वाळलें आहे. तबकडीचें विचारतांच त्यांनीं मान हलविली. रंगविलेल्या तबकड्या व निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून 'जुनें घड्याळ' म्हणून विकण्याचा धंदा आज जोरांत आहे. तबकडी भडक व कोरी करकरीत, अक्षरें पसरट आणि मिनिटांच्या रेषा वांकड्या दिसल्या, तर हौशी मनुष्यानें सावध व्हावें, आणि झांकण उघडून यंत्र पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. "डाग असूं द्या," ते म्हणाले, "ही कारखान्यांतून निघालेली तबकडी आहे."

त्या डागाची हकीकत मीं त्यांना सांगितली नाहीं. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यांत शाळेच्या वाटेवरील ओढा भरून आला, तेव्हां मला सोबत करण्यास आलेल्या बंधूंनीं माझा हात घट्ट धरून पलीकडे नेलें. धरलेला हात डावा होता. घड्याळांत पाणी शिरलें तें त्या दिवशीं.

चार दिवसांनीं घड्याळ चालूं होऊन आलें. जांवईबापूंनीं तें कानाशीं धरलें आणि तबकडीचा विषय पुन्हा काढला नाहीं. आतां रोज सकाळीं संध्या आटोपली कीं मी त्यास किल्ली देतों. बोटास कमान आवळल्याचें जाणवलें कीं थांबतों. दिवसाकाठीं तें एकदोन मिनिटें मागें पडतें. तें मी पुढें करून घेतों. डाग आहे तेथेंच आहे.