लंडन किती तासांवर?

धाकट्या भावाकडे लंडनला आईला घेऊन जायचं ठरलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “बसून किती वेळ काढायचा रे?” वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखरे, मधुमेहाच्या गोळ्या वेळच्या वेळी लागतात. तिला नेमकं उत्तर देणं भाग होतं.

तिकिटावर मुंबईहून निघायची वेळ दुपारी एक, पोचायची संध्याकाळी साडेपाच. पण या वेळा ज्या त्या गावच्या. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. म्हणजे प्रवास दहा तासांचा.

पुण्यात आमच्या घराजवळच्या अप्पा बळवंत चौकातून पृथ्वीगोल आणून मी आईसमोर त्यावर दोरा ताणला. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर मुंबई ते लंडन 17 सेंटिमीटर भरलं, म्हणजे सुमारे 7,200 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ इराक-तुर्कस्तानवरून जाते. दोरा मात्र बलुचिस्तान, इराण, अझरबैजान, काळा समुद्र असा उत्तरेकडून जातो. सगळ्यांत जवळची वाट ती. पण विमानाला ती मिळेलच असं नाही. फेब्रुवारी 2022मध्ये युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं, एप्रिल 2025मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मग वळसा घ्यावाच लागतो.

शिवाय वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांना जोर जास्त. जाताना वारा समोरून होता; खुर्चीपुढच्या पडद्यावर विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ताशी आठशे किलोमीटरच्याही खाली दिसत होता. परतताना तोच वारा पाठीशी आला आणि जवळपास दीड तास वाचला. अंतर तेच, पण येणं आणि जाणं सारखं नाही, हे मी तेव्हा अनुभवलं.

तरी आईच्या प्रश्नाचं उत्तर विमानात मिळणारं नव्हतं. आमच्या बुधवार पेठेतल्या गल्लीत दिवसा गाडी शिरणं अवघड, म्हणून पहाटे पाचला निघालो. बोरघाटात खोळंबा होईल म्हणून हाताशी वेळ ठेवला, विमानतळावर तीन तास आधी पोचलो. लंडनला उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, मग भावाच्या घरापर्यंतची वाट. आपला दरवाजा ते त्याचा दरवाजा, वीस तासांहून जास्त.

निघण्याआधी डॉक्टरांना विचारून हे सगळे तास एका कागदावर भारतीय वेळेनुसार मांडले होते: कोणती गोळी केव्हा, खाणं केव्हा, उठून चार पावलं चालायचं केव्हा. चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती. विमानात रात्री नऊची गोळी आईनं कागद बघून स्वतःच मागितली.

वयस्कर माणसाला परदेशी नेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: दोन विमानतळांमधले तास विमान कंपनी सांगेल, घरापासून घरापर्यंतचे तास आपणच मोजायचे, आणि आपल्या माणसाला ते निघण्याआधी खरे सांगायचे.