काळ्या मातीतले काळे पान

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडच्या दिशेला लागली की थोड्याच वेळात चुडावा येते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील हे गाव. याच तालुक्यात पूर्णा नदी गोदावरीला मिळते आणि या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यातील माती काजळासारखी काळी आहे. वैशाखात ती इतकी भेगाळते की भेगेत हात सहज जावा. आषाढात तीच माती चपलेला धरून ठेवते. अशा मातीत झाड लावणे म्हणजे वर्षातून दोनदा निराळ्या जमिनीशी गाठ घालणे होय.

गेल्या उन्हाळ्यात मी तेथे एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो होतो. नवे घर, पुढे मोकळे अंगण आणि कुंपणाची भिंत अजून उघडी. त्यांची कन्या इंग्लंडमध्ये असते. तिने आपल्या परसातील एका झुडपाचे छायाचित्र धाडले होते. पाने झेंडूच्या पानांसारखी बारीक चिरलेली, पण रंग जवळजवळ काळा. त्यावर ओव्याच्या फुलोऱ्यासारख्या छत्रीदार गुलाबी फुलांचे घोस. काकूंनी ते चित्र माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, हिच्या फळांचं सरबत सर्दी-तापाला फार चांगलं असतं म्हणते पोरगी. येईल का हे आपल्याकडे? नातवंडं सुट्टीत येतात, त्यांनाही देता येईल.’’

झुडूप होते एल्डर. शास्त्रीय नाव सॅम्ब्यूकस नायग्रा. युरोपात ते कुंपणाकडेला आपोआप उगवते. त्याचा साधा प्रकार हिरव्या पानांचा असतो. ‘ब्लॅक ब्यूटी’, ‘ब्लॅक लेस’ हे काळ्या पानांचे वाण केवळ शोभेसाठी इंग्लंडात निपजवले गेले. पानाचा काळेपणा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. जांभळाला आणि वांग्याच्या सालीला तेच रंग देते. ऊन भरपूर मिळाले तर हे पान काळे राहते, सावलीत ते हिरवटते.

मग चुडाव्यात उन्हाची काय वाण? परंतु ऊन आणि ऊन यांत फरक आहे. एल्डरला हवी असते ओलसर, थंड जमीन आणि पानगळीची खरीखुरी थंडी. हिवाळ्यात विश्रांती घेऊन वसंतात ते पुन्हा फुटते. परभणीकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. कुंडीत, जाळीखाली, दिवसातून दोनदा पाणी घालून ते कदाचित एखादा पावसाळा काढील. मात्र ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याचा हिशेब घागरींनी होतो, तेथे एका पानाच्या रंगासाठी एवढे पाणी खर्चणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

खरा प्रश्न सरबताचा होता. एल्डरची पाने, साल, देठ आणि कच्ची फळे यांत असे द्रव्य असते की त्यापासून पोटात सायनाइड तयार होऊ शकते. पिकलेली फळे नीट शिजवली तर खाण्याजोगी होतात; कच्ची किंवा देठापानांसह वाटलेली नव्हेत. १९८३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका मेळाव्यात रानातल्या एल्डरची फळे पानाफांद्यांसह चेचून केलेला रस वाटण्यात आला. ११ जणांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास झाला आणि त्यांतील ८ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. सर्व जण बरे झाले, हे त्यांचे दैव. औषधी गुणाबद्दल बोलायचे तर २०२० मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी फ्ल्यूच्या ८७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एल्डरच्या अर्काने आजार लवकर आटोपला असे त्यांना आढळले नाही. ज्या रंगद्रव्याचे कौतुक होते, ते आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात जांभळाच्या टोपलीत मिळतेच.

हे सांगितल्यावर काकूंनी एल्डरचा नाद सोडला, पण काळ्या पानाचा सोडला नाही. आणि मला तो हट्ट आवडला. पांढऱ्या भिंतीपुढे गडद पानाचे झुडूप खरोखरच शोभते. मात्र त्यांनी पर्याय म्हणून दाखवलेले रोप पाहून मी सावध झालो. शेजारून आणलेला तो लाल एरंड होता: देठ तांबडे, पाने काळपट जांभळी. दिसायला देखणाच. त्याच्या बियांत रिसिन हे अत्यंत तीव्र विष असते. (एरंडेल तेल काढताना ते पेंडीत राहते, म्हणून तेलाची भीती बाळगू नये.) बी अखंड गिळले गेले तर कठीण सालीमुळे कधी कधी निभावते, चावले गेले तर नाही. दुसरा धोका जांभळट पानांच्या रानएरंडाचा, म्हणजे जट्रोफा गॉसिपीफोलियाचा. पडीक जागेत तो आपोआप वाढतो आणि कोणी तो हौसेने दारातही लावतात. त्याच्या आणि कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या चविष्ट लागतात, हीच अडचण. माझ्याकडे एका दुपारी एकाच गल्लीतील पाच मुले उलट्या आणि जुलाबांनी हैराण होऊन आली होती. एकाच्या खिशात उरलेल्या बिया सापडल्या, म्हणून कारण तत्काळ कळले. शिरेतून द्रव देऊन रात्रभर लक्ष ठेवावे लागले. पिवळ्या फुलांच्या बिट्टीचे तर नावच नको. तिच्या बियांनी हृदयाची गती मंदावते आणि अनियमित होते.

म्हणून घरात लहान मूल असेल तर मी रोपवाटिकेत आधी रंग पाहत नाही, ‘याचे फळ किंवा बी तोंडात गेले तर काय?’ हे विचारतो. विक्रेत्याला ठाऊक नसेल तर रोप तेथेच ठेवावे. मुलाने काही खाल्ले असा संशय आल्यास मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये; उरलेले बी, पान सोबत घेऊन रुग्णालय गाठावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो मी दवाखान्यात माझ्या मेजाच्या काचेखाली ठेवला आहे.

शेवटी चुडाव्याच्या त्या अंगणासाठी आम्ही जांभळी निर्गुडी ठरवली. आपल्या बांधावरच्या निर्गुडीची ही बहीण. पान वरून राखी हिरवे, खालून गर्द जांभळे. वारा आला की सारे झुडूप रंग पालटते. एल्डरइतके काळे ते नव्हे, पण मुळे धरल्यावर परभणीचा उन्हाळा सोसते आणि कितीही छाटले तरी फुटते. निर्गुडीच्या पाल्याचा शेक गुडघ्यांना देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आराम मिळतो, तो पुष्कळसा उबेचा असावा असे माझे मत. शेकाला हरकत नाही, पण पोटात घेण्याचे प्रयोग घरी करू नयेत. दाट सावली असेल तेथे काळा अडुळसा लावता येईल. गडद हिरव्या पानांना काळसर जांभळे देठ, असे त्याचे रूप असते.

काळ्या जमिनीत दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा. निघालेल्या मातीत तिच्या निम्म्याइतका मुरूम आणि दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा आणि रोप जमिनीपेक्षा वीतभर उंचवट्यावर लावावे. नाहीतर श्रावणात मुळांशी पाणी तुंबून ती कुजतात. पहिला दमदार पाऊस होऊन गेल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या वीतभर लांब कापून सरळ ओल्या मातीत खोचल्या तरी त्यांतील बऱ्याच जगतात, तेव्हा एकच रोप विकत आणले तरी पुरे. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी आणि बुंध्याशी सोयाबीनच्या भुसाचे आच्छादन द्यावे. कुंडीत लावायचे असेल तर कुंडीखाली बशी ठेवू नये, डेंग्यूच्या डासाला तेवढे पाणी पुष्कळ होते. फेब्रुवारीअखेर झुडूप गुडघाभर उंचीवर छाटावे. नवी फूट सर्वांत गडद येते.