टँकरवरचा ‘इन’

पेट्रोलच्या टँकरवर ठळक अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ असं लिहिलेलं दिसतं. शाळेत विरुद्धार्थी शब्द घोकताना ‘इन’ म्हणजे नकार हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं: करेक्ट–इनकरेक्ट, व्हिजिबल–इनव्हिजिबल. त्या हिशेबानं हा टँकर न पेटणारा ठरतो, आणि असा समज जिवावर बेतू शकतो.

इथला ‘इन’ नकाराचा नाहीच. पेटवणे या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ या लॅटिन क्रियापदातून तो आला. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्ही ज्वालाग्राहीच. विरुद्ध शब्द ‘नॉनफ्लेमेबल’. हा घोळ टाळण्यासाठीच १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. शहाणपणाचंच पाऊल ते.

‘इनव्हॅल्युएबल’मध्ये ‘इन’ नकाराचाच, पण तो नाकारतो मोजदाद, मोल नव्हे. आपल्या ‘अमूल्य’मधला ‘अ’ नेमकं हेच करतो.

शब्दाचा अर्थ असा नीट पाहावा लागतो. विरुद्धार्थी शब्द विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेत मात्र सुटा शब्द आणि पुढे रिकामी जागा. हा मुलांवर अन्याय आहे. सोबत वाक्य द्यायलाच हवं. टॉवेल ‘ड्राय’ असेल तर विरुद्ध ‘वेट’, वाइन ‘ड्राय’ असेल तर ‘स्वीट’. ‘हॉट’ चहाचा ‘कोल्ड’ होतो, ‘हॉट’ सॉसचा ‘माइल्ड’.