हैदराबादची स्पिटफायर

लढाऊ विमानांच्या तुकडीचा युद्धवृत्तांत हाती आला, की वाचक प्रथम वैमानिकांची नावे आणि पाडलेल्या शत्रुविमानांची संख्या शोधतो. परंतु वायुदलात एअरफ्रेम फिटर म्हणून ज्याची उमेद खर्ची पडली, त्याची दृष्टी आधी जमिनीकडे वळते, आणि विमाने गवतावरून उडाली की चिखलातून, हे कळल्यावाचून पुढील पराक्रमाचा त्याला अंदाज बांधता येत नाही. मलकपेठेत शर्यतीच्या मैदानाजवळ स्थायिक झाल्यावर ज्या तुकडीचा वृत्तांत मी याच रीतीने पुनःपुन्हा वाचला, ती म्हणजे ब्रिटिश वायुदलाची 152 क्रमांकाची ‘हैदराबाद’ स्क्वाड्रन. निजामाच्या देणगीमुळे तिला हे नाव मिळाले. तिच्या मुद्रेवर निजामाचा दस्तार होता आणि ‘एकनिष्ठ मित्र’ हे ब्रीद होते.

या मैत्रीचा उगम आमच्याच पेठेच्या टेकडीवर शोधावा लागतो. तेथे ज्याची कबर आहे तो फ्रेंच सेनानी रेमाँ 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांविरुद्ध निजामाकडून लढला. 1798 च्या मार्चमध्ये तो वारला, त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह झाला, आणि ऑक्टोबरात त्याच्या कवायती पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. याच मैत्रीपोटी विमानांसाठी निजामाने दिलेला पैसा सरकारी खजिन्यातला म्हणा की सर्फ-ए-खास या त्याच्या खाजगी मिळकतीतला, त्यात परभणी-नांदेडच्या कुणब्याने भरलेला शेतसारा होताच, असे माझे मत आहे. त्या कुणब्याचे नाव मात्र कोणत्याही मुद्रेवर कोरले गेले नाही.

1939 च्या ऑक्टोबरात अॅक्लिंग्टन येथे ग्लॅडिएटर या दुपंखी विमानांनिशी उभी राहिलेली ही तुकडी पुढल्याच वर्षी स्पिटफायरवर आली, आणि जुलै 1940 मध्ये डॉर्सेटमधील वॉर्मवेलच्या गवताळ मैदानावर पोर्टलंडच्या आरमारी तळाच्या रक्षणार्थ रवाना झाली. पंखांत आठ ब्राउनिंग बंदुका, प्रत्येकीस तीनशे गोळ्या, आणि सतत मारा केल्यास सुमारे पंधरा सेकंदांत सगळा साठा खलास. बंदुकांच्या तोंडांवर तांबड्या डोपचे कापड चिकटवलेले असे; विमान परतताना ते फाटलेले दिसले, की वैमानिकाने तोंड उघडण्यापूर्वीच खालच्या माणसांना चकमक झाल्याचे उमगे. मग आर्मरर पंखाखाली शिरत, इंधनाची गाडी लागे, फिटर इंजिन पाही, रिगर सांगाड्यावरून हात फिरवी. हात फिरवणे हा शब्दशः व्यवहार आहे: डोळ्याला न दिसणारा सैल रिव्हेट बोटाच्या पेराला लागतो, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगत आलो. शेवटी फॉर्म 700 वर फिटर-रिगरची सही होई, तिच्याखाली वैमानिक सही करी, आणि त्या क्षणापासून एका अपरिचिताच्या हस्ताक्षरावर त्याचा जीव तोललेला असे. आमच्या वायुदलातही तोच फॉर्म, तोच क्रम चालत आला आहे. कोणत्याही ब्रीदवाक्यापेक्षा मला हे दफ्तर अधिक पूज्य वाटते.

1942 अखेरीस तुकडी उत्तर आफ्रिकेत उतरली. धुळीपासून इंजिनाचे रक्षण करण्यासाठी नाकाखाली जाडजूड व्होक्स गाळणी बसवली होती, तिने विमानाचा वेग घटत असे. आणि हिवाळी पाऊस सुरू होताच धुळीचा चिखल होऊन पंखाखालच्या रेडिएटरांत जाऊन बसे. चाकांनी उडवलेला तो चिखल तसाच वाळू दिला, तर इंजिन तापून बंद पडणार. म्हणजे दिवसभर ज्याने शत्रूचे तोंडही पाहिले नाही, त्या रिगरलाच ती लढाई आधी जिंकावी लागे. पुढे माल्टा, सिसिली, इटली. आणि 1943 च्या अखेरीस हिंदुस्थान. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चौदाव्या सैन्याच्या मदतीला गेलेल्या तिच्या स्पिटफायरांवर, वर्तुळाकार खुणेवरून झेपावणारा काळा चित्ता रंगवलेला असे.

युद्ध संपल्यावर ही तुकडी विसर्जित झाली, 1946 मध्ये रिसालपूर येथे टेंपेस्ट विमानांवर पुन्हा उभारली गेली, आणि 1947 च्या जानेवारीत पुन्हा मोडली. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाच्या राज्यावर पोलीस कारवाई झाली, तेव्हा हैदराबादच्या आकाशात भारतीय वायुदलाची जी विमाने आली, तीही टेंपेस्टच होती.