ट्रॉलीचा मागचा दिवा



ऊस हंगाम तोंडावर आलाय. ट्रॅक्टरला पुढं चार-चार एलईडी लावायची हौस सगळ्यांनाच, पण ट्रॉलीचा मागचा लाल दिवा किती जणांचा पेटतो ते रात्री रस्त्यावर उभं राहून बघा. पुढचा उजेड आपल्यासाठी असतो. मागचा दिवा मोटरसायकलवर येणाऱ्या दुसऱ्याच्या पोरासाठी असतो.

माझ्या ट्रॉलीचा दिवा खड्डा आला की विझायचा, खड्डा सरला की पेटायचा. इलेक्ट्रिशियननं दोनदा बल्ब बदलला, मग म्हणाला बॅटरीच बदला. मी म्हटलं थांब, आधी मीटर लावू. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. म्हणजे बॅटरी, अल्टरनेटर, रेग्युलेटर सगळं ठणठणीत. पण पेटलेल्या दिव्याच्या टोकाला फक्त ९. मधले ५ व्होल्ट गेले कुठं?

गेले हुकच्या पिनीत. ट्रॉलीच्या दिव्याला वेगळी अर्थिंगची वायर नव्हती, करंट लोखंडातून परत यायचा. पिनीला गंज, ग्रीस आणि वर हेलकावे. प्लगमधून एक वेगळी काळी वायर थेट दिव्यापर्यंत ओढली, चेसिसवरचा रंग खरवडून बोल्ट आवळला. आता दिव्यापाशी १३.६ येतात आणि खड्ड्यातही दिवा हलत नाही.

तेव्हापासून मी एवढं पाळतो:

१) इंजिन जरा रेसवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३ च्या खाली असेल तर आधी पट्टा ढिला आहे का बघा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला समजा. मग बॅटरीचं पाणी आटतं आणि बल्ब उडतात.

२) जादा दिवे लावण्याआधी हिशोब करा. ५५ वॉटचे चार हॅलोजन म्हणजे २२० वॉट, १२ नं भागले की १८ अँपिअरच्या वर. एवढा भार जुन्या स्विचवर टाकला तर स्विच वितळतो. जाड वायर आणि रिले लावा. १८ वॉटचे चार एलईडी ६ अँपिअरमध्ये भागतात.

३) फ्यूज बॅटरीजवळच हवा. वायर घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडू दे, ट्रॅक्टर पेटायला नको. फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका.

४) इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात. वेल्डिंग करायचं तर ट्रॉली सोडवून बाजूला घ्या. ट्रॅक्टरवरच करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा.

मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एका बॅटरीच्या पैशात गल्लीतल्या सगळ्यांना येईल.

आणि ऊस भरून झाला की ट्रॉलीमागं वीस पावलं चालत जा नि वळून बघा. लोंबणाऱ्या वाढ्यांनी दिवा झाकला असेल तर आतला करंट काय कामाचा? वाढे छाटा, लाल रेडियमची पट्टी पुसा, मगच गाडी हलवा.